ट्रॉम्सोचा उजेड, कोकणची नोंद

रत्नागिरीतल्या मिरकरवाड्याच्या जेटीवर उभे राहिले की ध्रुवतारा मिऱ्याच्या डोंगराच्या बाजूला, क्षितिजापासून १७ अंशांवर दिसतो. हवेत दमटपणा असला किंवा बंदरातले दिवे जास्त असले, तर तो शोधूनच काढावा लागतो. नॉर्वेतल्या ट्रॉम्सो गावात तोच तारा जवळजवळ ७० अंशांवर असतो. तिथे तो पाहायला मान पार मागे टाकावी लागते. जितका अक्षांश तितकी ध्रुवताऱ्याची उंची, हे शाळेत पाठ केलेले होते. पण घराच्या उत्तरेला खाली राहणारा, लहानपणापासून ओळखीचा तारा माथ्यावर जाऊन बसलेला पाहिला, तेव्हा पृथ्वी गोल आहे हे माझ्या मानेला आणि पायांनाही पटले.

निघण्याआधी मिरकरवाड्यातल्या एका तांडेलचाचांचा निरोप घ्यायला गेलो होतो. त्यांचे सारे आयुष्य दर्यावर गेलेले. जीपीएस यायच्या आधी होकायंत्र, तारे आणि पाण्याचा रंग यांवर त्यांनी बोट घरी आणलेली. मी कुठे चाललोय ते सांगितल्यावर त्यांनी थंडी किती, खायला काय मिळते, असले काही विचारले नाही. जाळे शिवता शिवता म्हणाले, ‘‘उत्तरेला एवढा वर चाललास, तर तिकडं काटा कुठं बघतो तेवढं बघून ये.’’ प्रवासाला निघणाऱ्याला इतका नेमका प्रश्न कुणी क्वचितच विचारतो. तो मी बरोबर घेतला, आणि एक छोटे होकायंत्रही.

ट्रॉम्सो हे आर्क्टिक वृत्ताच्या उत्तरेला सुमारे ३४० किलोमीटरवरचे एक बेट आहे. एवढ्या उत्तरेला असूनही त्याचे बंदर हिवाळ्यात गोठत नाही, कारण अटलांटिकचा उबदार प्रवाह नॉर्वेच्या किनाऱ्याला लागून वर चढतो. रस्त्यावर गुडघाभर बर्फ, छपरांवर बर्फ, धक्क्याला लावलेल्या बोटींच्या टपांवर बर्फ, आणि मधे काळेशार, वाहते, जिवंत पाणी. मी मार्च महिन्यात गेलो होतो. बॅरेंट्स समुद्रातला मोठा कॉड मासा अंडी घालायला नॉर्वेच्या किनाऱ्याकडे येतो तो हाच हंगाम. मीठ न लावता, नुसत्या थंड वाऱ्यावर, लाकडी मांडवांना शेपटीकडून जोडीजोडीने बांधून तो वाळवतात. आपल्याकडे खारवून उन्हात घातलेला बांगडा, तिकडे वाऱ्यावर टांगलेला कॉड. धक्क्यावर डिझेल, ओला दोर आणि मासळी यांचा वास नाकात शिरला, आणि परक्या मुलखात पाऊल ठेवल्यापासूनचा माझा अवघडलेपणा त्या एका श्वासात गेला.

त्या धक्क्यावर कॉफी घेताना २०० क्रोनरची नोट हातात आली. तिच्यावर कॉडचे चित्र आहे. जो मासा देश जगवतो त्याला नोटेवर जागा देणारे लोक पाहून मिरकरवाड्याच्या माणसाला बरे वाटणारच. पण खरी गोष्ट पुढेच होती. शेजारी बसलेल्या गृहस्थांनी सांगितले की २०१७ साली ही नोट आली, त्याआधीच्या २०० क्रोनरच्या नोटेवर एका शास्त्रज्ञाचा चेहरा होता. त्याचे नाव क्रिस्तियान बिर्केलान. आकाशातल्या ध्रुवीय प्रकाशामागे वीज वाहते आहे, हे सगळे हसत असताना ठामपणे सांगणारा माणूस. एका नोटेवर समुद्रातले धन, तिच्या आधीच्या नोटेवर आकाशातली वीज. उत्तर नॉर्वेत माणसाला जगताना या दोहोंचाही विचार करावा लागतो.

चाचांचा प्रश्न मी त्याच दिवशी दुपारी हाती घेतला. होकायंत्र एका लाकडी बाकावर ठेवले, फोन, किल्ल्या, सगळे लोखंडी सामान लांब ठेवले. काटा खऱ्या उत्तरेपासून दहाएक अंश पूर्वेला झुकून थांबला. आपल्या किनाऱ्यावर हा फरक एका अंशाच्याही आत असतो. म्हणून कोकणातल्या तांडेलाला काट्याच्या उत्तरेवर डोळे झाकून विश्वास ठेवता आला. पण मला जास्त जाणवले ते दुसरेच. काटा स्थिरावायला फार वेळ घेत होता, त्याच्या अंगात जोर नव्हता. पृथ्वीचे चुंबकीय बल तिथे आपल्यापेक्षा जास्त आहे, तरी असे का? कारण ते बल तिथे जवळजवळ सरळ खाली, जमिनीत घुसते. काट्याला फिरवतो तो बलाचा आडवा भाग. कोकणात हा आडवा भाग ४०,००० नॅनोटेस्लाच्या आसपास आहे, ट्रॉम्सोत तो त्याच्या एक चतुर्थांशाहून थोडाच अधिक, ११,००० च्या आसपास. म्हणजे चाचांना उत्तर असे: काटा उत्तरेकडेच पाहतो, पण आपल्यापेक्षा तिरपा पाहतो आणि दुबळ्या धाग्याने बांधलेला असतो. त्याला हलवणे तिथे सोपे आहे.

आणि रात्री त्याला हलवणारे आकाशात हजर झाले.

गावाच्या दिव्यांपासून दूर, क्वालोया बेटावर एका खाडीच्या काठी आम्ही थांबलो होतो. साडेनऊच्या सुमारास उत्तरेकडच्या डोंगरावर एक फिकट पट्टा उमटला. पहिल्यांदा तो मला ढग वाटला असता, पण त्याच्या आडून तारे दिसत होते. पट्टा पूर्वेपासून पश्चिमेपर्यंत पसरला, त्याची कमान झाली, ती हळूहळू दक्षिणेकडे, आमच्याकडे सरकू लागली. रंग हिरवा होत गेला. बराच वेळ एवढेच चालले. वाटाड्या म्हणाला, ‘‘थांबा, अजून सुरुवात झालेली नाही.’’

मग कमानीच्या पूर्वेकडच्या टोकाला खालची कड उजळली. ती उजळलेली जागा पश्चिमेकडे धावली, आणि बघता बघता अख्खी कमान फुटली. हिरव्याच्या खाली गुलाबी किनार आली, उभ्या रेषा निघाल्या, त्यांना चुण्या पडल्या, चुण्या एकमेकींत शिरल्या, आणि सगळे आकाश माथ्याकडच्या एका बिंदूतून खाली ओतल्यासारखे दिसू लागले. खाली बर्फ हिरवा झाला. माझे हातमोजे हिरवे दिसत होते. खाडीच्या पाण्यात हिरव्या रेषा थरथरत होत्या. एवढी प्रचंड हालचाल, आणि आवाज अजिबात नाही! समुद्रकाठी वाढलेल्या माणसाला हे झेपत नाही. आमच्याकडे एवढे मोठे काही हलले की त्याची गाज असते. मी कान देऊन उभा राहिलो, आणि डोळ्यांतून पाणी येत होते ते केवळ थंडीने नव्हे.

वाटाड्याने फोनवर ट्रॉम्सोच्या भूभौतिकी वेधशाळेचा चालू आलेख उघडून दाखवला. चुंबकीय बलाची रेषा तासभर जवळजवळ सपाट चालली होती, आणि कमान फुटली त्याच मिनिटाला ती कड्यावरून कोसळावी तशी काही शे नॅनोटेस्ला खाली गेली होती. वर उजेड, खाली ही रेषा. दोन्ही एकाच घटनेच्या सह्या होत्या. हा संबंध पहिल्यांदा स्वीडनमधल्या उप्सालात सापडला. १७४१ साली ओलोफ यॉर्टर एका लांब चुंबकसुईवर नजर ठेवून बसत असे, आणि ध्रुवीय प्रकाश डोक्यावर आला की सुई अस्वस्थ होते हे त्याने टिपले. त्याच वेळी लंडनमध्ये जॉर्ज ग्रॅहमची सुईही हलत होती. दोन शहरांतल्या दोन सुया एका वेळी हलतात, म्हणजे कारण खोलीत नाही, गावात नाही, फार वर आहे, हे तेव्हाच कळून चुकले.

वर जे आहे ते थोडक्यात असे. सूर्यावरून विद्युतभारित कणांचा वारा सतत वाहतो, सेकंदाला चारशे किलोमीटर किंवा अधिक वेगाने. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र त्याला अडवते, आणि अडवता अडवता रात्रीच्या बाजूला लांबवर ताणले जाते. ताणात साठलेली ऊर्जा अधूनमधून एकदम सुटते. तेव्हा इलेक्ट्रॉन चुंबकीय बलरेषांवरून ध्रुवांभोवतीच्या एका वर्तुळाकार पट्ट्याकडे धावत येतात आणि वातावरणाच्या वरच्या थराला धडकतात. सुमारे शंभर ते दीडशे किलोमीटर उंचीवर ऑक्सिजनचे अणू हिरवे उजळतात. दोनशे किलोमीटरच्या वर तोच ऑक्सिजन तांबडा प्रकाश देतो, कारण तो तांबडा प्रकाश बाहेर पडायला अणूला जवळपास दोन मिनिटे निवांत मिळावी लागतात आणि खालच्या दाट हवेत एवढी सवड कुणालाच नाही. गुलाबी किनार नायट्रोजनची.

पण उजेड हा त्या घटनेचा फक्त डोळ्यांना दिसणारा भाग. त्याच धडकांनी हवेतल्या अणूंचे आयन होऊन वातावरणाचा तो वरचा थर, म्हणजे आयनांबर, अधिक विद्युतवाहक होतो, आणि शंभर-एकशेदहा किलोमीटर उंचीवर पूर्व-पश्चिम अशी वीज वाहू लागते. जोरदार रात्री हा प्रवाह दहा लाख अँपिअरच्या घरात जातो. तार नाही, खांब नाही, विरळ हवेतून वाहणारी नदी. ती अवकाशातून एका बाजूने बलरेषांवरून खाली उतरते, आयनांबरातून आडवी जाते आणि दुसऱ्या बाजूने पुन्हा वर चढते. मी बर्फात उभा होतो आणि माझ्या माथ्यावर, रत्नागिरी ते पणजीच्या सरळ अंतराहूनही कमी उंचीवर, हे सारे चालले होते. फोनवरची रेषा कोसळली ती या प्रवाहाच्या चुंबकत्वामुळे.

हेच बिर्केलानचे म्हणणे होते. १८९९-१९०० च्या हिवाळ्यात तो उत्तर नॉर्वेतल्या आल्टाजवळच्या हाल्दे पर्वतावर, सुमारे ९०० मीटर उंचीवर, दगडी वेधशाळा बांधून राहिला. वादळे अशी की माणसाला दाराबाहेर रांगत जावे लागे. त्या मोहिमेतला एक तरुण हिमकडा कोसळून गेला. तरी १९०२-०३ मध्ये बिर्केलानने पुन्हा मोहीम काढली आणि उत्तर नॉर्वे, आइसलँड, स्पिट्सबर्गन आणि नोवाया झेमल्या अशा चार ठिकाणी एकाच वेळी चुंबकीय नोंदी घेतल्या. चार जागांचे आकडे जुळवून त्याने प्रवाहाची वाट काढली. मग प्रयोगशाळेत हवा काढून घेतलेल्या पेटीत एक चुंबकीय गोळा टांगला, त्याच्यावर इलेक्ट्रॉनांचा झोत सोडला, आणि गोळ्याच्या दोन्ही ध्रुवांभोवती उजेडाची कडी उमटवून दाखवली. तरीही पुढची अनेक दशके सिडनी चॅपमन यांच्यासारख्या मोठ्या शास्त्रज्ञांनी अवकाशातून उतरणाऱ्या प्रवाहांची कल्पना मानली नाही. बिर्केलान १९१७ मध्ये टोकियोत वारला. १९६०च्या दशकात अमेरिकी नौदलाचा एक उपग्रह ११०० किलोमीटर उंचीवरून जाताना ध्रुवीय प्रकाशाच्या पट्ट्यावर आला की त्याचा चुंबकमापक हेलकावू लागे. बलरेषांवरून उतरणारी वीज तीच होती. आज त्या प्रवाहांना बिर्केलानचेच नाव आहे.

मध्यरात्र उलटून गेली. बरेच लोक गाडीत जाऊन बसले होते. आकाशातला गोंधळ संपला, कमान विरली, आणि मागे फिकट उजेडाचे विस्कळीत तुकडे राहिले. मला वाटले, आता आटोपले. पण त्यांतल्या एका तुकड्याकडे पाहत राहिलो, तर तो विझला. मग पुन्हा उजळला. पुन्हा विझला. मी मनात आकडे मोजू लागलो: आठ-नऊ सेकंदांत एक फेरी. शेजारचा तुकडा वेगळ्या तालात. आकाशाचा तो सगळा दक्षिण भाग असा लुकलुकत होता, घाई नाही, थांबणे नाही. त्या मोठ्या स्फोटापेक्षा या मंद स्पंदनांनी मला जास्त हलवले, हे मी आजही सांगतो. स्फोटात आकाशाचा रोष दिसतो. स्पंदनात नियम दिसतो, आणि नियम दिसला की आपण प्रेक्षक राहत नाही, विद्यार्थी होतो.

या लुकलुकण्याचे मूळ विषुववृत्ताच्या वर, पृथ्वीपासून हजारो किलोमीटर दूर असते. तिथे उठणाऱ्या विद्युतचुंबकीय लहरी इलेक्ट्रॉनांना ठरावीक अंतराने बलरेषांवर ढकलतात. एक ढकल, एक उजळणे. जपानच्या ‘आरासे’ उपग्रहाने जमिनीवरच्या कॅमेऱ्यांच्या जोडीने हे पाहून २०१८ मध्ये पक्के केले.

आणि बलरेषा स्वतःही हलतात. भरतीच्या जोरात नांगरलेल्या बोटीचा दोर ताणला जातो, त्यावर हात ठेवला तर तो थरथरताना जाणवतो. दोर लांब आणि जड असेल तर थरथर संथ, आखूड असेल तर जलद. पृथ्वीच्या उत्तर आणि दक्षिण टोकांना बांधलेली बलरेषा अशीच, तिच्या लांबीप्रमाणे आणि तिच्यावरच्या आयनांच्या भाराप्रमाणे आपल्या तालात थरथरते. चुंबकीय बलरेषांवरून लाटा धावू शकतात, हे स्वीडनच्या हानेस आल्फवेन यांनी १९४२ मध्ये गणिताने मांडले, १९७० मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. जमिनीवर ही थरथर चुंबकीय स्पंदने म्हणून उतरते. त्यांच्या जाती ठरलेल्या आहेत. एकसारख्या चालणाऱ्या स्पंदनांचे पाच वर्ग आहेत. सर्वांत जलद स्पंदनाची एक फेरी सेकंदाच्या पाचव्या भागात पूर्ण होते, तर सर्वांत संथ स्पंदनाला तब्बल दहा मिनिटे लागतात. याखेरीज एकदम उठून विरणारी अनियमित स्पंदने आहेत. त्यांतल्या एका वर्गाला ‘पाय-टू’ म्हणतात, फेरी ४० ते १५० सेकंदांची. रात्रीच्या बाजूला साठलेली ऊर्जा सुटते, कमान फुटते, त्याच घटकेला पाय-टू उठतात.

हे समजून घेताना माझ्या मनात एकच हिशेब चालू होता. पाय-टूची लहर फक्त ध्रुवाजवळ राहत नाही. पृथ्वीच्या रात्रीच्या बाजूला ती दूरवर, आपल्या अक्षांशांपर्यंतही, जवळजवळ एकाच वेळी पोचते. ट्रॉम्सोत रात्रीचे दहा वाजतात तेव्हा कोकणात अडीच वाजलेले असतात. मिरकरवाड्यात बर्फाच्या लाद्या चढत असतात, काही बोटी दर्यावर, काही निघायच्या बेतात. त्या काळोखात, ट्रॉम्सोच्या आकाशात कमान फुटते तेव्हा, कोकणच्या जमिनीवरही चुंबकीय बल एखाद्या नॅनोटेस्लाने वरखाली होते. चाळीस हजारांत एक. होकायंत्राच्या काट्याला ते कळणार नाही, तांडेलाला कळणार नाही. पण ते होते.

आणि ते टिपणारे घर आपल्या किनाऱ्यावर आहे. अलिबागला, समुद्राजवळ. तिथल्या चुंबकीय वेधशाळेच्या नोंदींत हे पाय-टू सापडतात, आणि त्यांवरून पृथ्वीच्या रात्रीच्या बाजूला ऊर्जा केव्हा सुटली हे अभ्यासक ओळखतात.

ट्रॉम्सोहून परतल्यावर या घराचा इतिहास वाचला, आणि प्रवासातले खरे आश्चर्य मला घराजवळ मिळाले. मुंबईत कुलाब्याला ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये वेधशाळा बांधली. १८४१ पासून तिथे चुंबकीय निरीक्षणे सुरू झाली, १८४६ पासून ती नियमित झाली. १८९६ मध्ये नानाभाई मूस तिचे संचालक झाले, त्या पदावरचे पहिले भारतीय. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येऊ घातल्या तेव्हा त्यांनी ओळखले की ट्रामच्या विजेचा गोंगाट पृथ्वीच्या सूक्ष्म हालचाली बुडवून टाकेल. म्हणून त्यांनी अलिबागची जागा निवडली. इमारतीला पोरबंदरचा अचुंबकीय दगड, आत लोखंडाला मज्जाव. १९०४ मध्ये अलिबागला नोंदी सुरू झाल्या, आणि १९०६ पर्यंत कुलाबा आणि अलिबाग अशा दोन्ही ठिकाणी एकाच वेळी वाचने घेतली गेली, म्हणजे जुने आणि नवे आकडे एकमेकांना जोडता येतील. मग कुलाब्याचे काम थांबले. ट्राम आली, कितीतरी दशकांनी गेलीही. अलिबागची नोंद चालूच आहे.

या सांभाळलेल्या नोंदीची किंमत एका सकाळी कळते. १ सप्टेंबर १८५९ ला इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टनने सूर्यावर एक पांढरा लोळ पाहिला. सुमारे साडेसतरा तासांनी त्याचा तडाखा पृथ्वीला बसला. युरोप-अमेरिकेत तारायंत्रे ठप्प झाली, काही ठिकाणी तारांतून ठिणग्या उडाल्या, आणि एरवी कधी न दिसणाऱ्या ठिकाणी ध्रुवीय प्रकाश दिसला. त्या वेळी मुंबईत सकाळ होती. आकाशात दिसण्यासारखे काहीच नव्हते. पण कुलाब्याचे निरीक्षक दुर्बिणीतून चुंबकाची मापे वाचत होते, आणि आडवे बल घसरत असल्याचे पाहून त्यांनी वाचने दाट केली. त्या सकाळी बल सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी उतरले. १८५९ च्या वादळाची ताकद जगाला आज ठाऊक आहे ती मुख्यतः या आकड्यामुळे. विषुववृत्ताच्या त्यामानाने जवळ असल्यामुळे पृथ्वीभोवती दूरवर फिरणाऱ्या विद्युतप्रवाहाची छाया कुलाब्यावर स्वच्छ पडली. २००३ मध्ये भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे गुरबक्ष लखिना आणि शोभना अ‍ॅलेक्स यांनी ब्रुस त्सुरुतानी आणि वॉल्टर गोन्झालेझ यांच्यासह ते जुने आकडे जगापुढे मांडले. जगभरातल्या वीजकंपन्या आणि उपग्रह चालवणारे आजही विचारतात, ‘सर्वांत वाईट काय होऊ शकते?’, तेव्हा उत्तरासाठी कुलाब्याच्या वहीकडे पाहिले जाते.

मुंबईच्या आकाशानेही एकदा साक्ष दिली आहे. ४ फेब्रुवारी १८७२ च्या रात्री मुंबईत ध्रुवीय प्रकाश दिसल्याचे तेव्हाच्या वर्तमानपत्रात आले. आपल्या अक्षांशांवरून जो दिसतो तो तांबडाच, कारण हिरवा खालचा भाग पृथ्वीच्या फुगवट्याआड राहतो, फक्त उंचावरचा तांबडा माथा क्षितिजावर डोकावतो. १० मे २०२४ च्या रात्री लडाखमधल्या हानले येथे आकाश असेच तांबडे झाले, त्याची छायाचित्रे साऱ्या देशाने पाहिली. त्या वादळात बल चारशे नॅनोटेस्लांहून अधिक उतरले होते. १८५९ चा आकडा शेजारी ठेवला की अंगावर काटा येतो.

तिकडे दक्षिण टोकाला, अंटार्क्टिकावरच्या ‘मैत्री’ तळावरही भूचुंबकत्व संस्थेची उपकरणे आहेत. संस्था आता पनवेलला आहे. मराठी घरांतली मुले पनवेलहून निघून त्या बर्फात राहतात, सुमारे दोन महिन्यांच्या काळोखाशी झुंजतात, आणि दक्षिणेचा ध्रुवीय प्रकाश पाहत त्याच्या विजेची नोंद घेतात. ट्रॉम्सोत मला वाटाड्या लागला. आपल्यात असे वाटाडे आहेत हे आपल्याच गावांत फारसे कुणाला माहीत नाही.

माहीत असायला हवे, कारण आता प्रश्न कुतूहलाचा राहिलेला नाही. १३ मार्च १९८९ ला कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात ध्रुवीय आकाशातल्या विजेने जमिनीत प्रवाह निर्माण केले, ते वीजवाहिन्यांत शिरले, आणि दीड मिनिटात सारे जाळे कोसळले. साठ लाख माणसे नऊ तास अंधारात होती. आपल्याकडे धोका वेगळ्या वाटेने येतो. मोठ्या वादळात ध्रुवीय पट्ट्यातले विद्युतक्षेत्र थेट विषुववृत्ताकडच्या आयनांबरात पोचते, त्याची खूण तमिळनाडूतल्या तिरुनेलवेलीच्या नोंदींत उमटते. चुंबकीय विषुववृत्त तिथूनच, भारताच्या दक्षिण टोकावरून जाते. त्याच्या आसपासच्या पट्ट्यात सूर्यास्तानंतर आयनांबर अनेकदा खवळते, आणि त्यातून येणारे उपग्रहांचे संदेश थरथरतात, तुटतात. कोकणकिनारा त्या पट्ट्यात येतो. मिरकरवाड्याच्या बहुतेक बोटींवर आज जीपीएस आहे. जाळे कुठे टाकले, खडक कुठे आहे, घराकडे तोंड कुठे करायचे, हे सारे त्या पडद्यावर. तो पडदा आकाशातल्या विजेवर अवलंबून आहे, हे खलाशाला सांगणे हे मला शिक्षण वाटते, चैन नव्हे. आणि ज्या घरात जुने होकायंत्र अजून चालू आहे, त्याने ते बोटीवर ठेवावे.

चाचांना मी काट्याचे उत्तर सांगितले, अलिबागचे सांगितले. त्यांनी विचारले, ‘‘म्हणजे एवढी वर्षं आपल्याच किनाऱ्यावर कोणी काट्याची राखण करत होतं?’’

करत होते, आणि करत आहेत. माझे म्हणणे एवढेच आहे. ध्रुवीय प्रकाश बघायला ज्याला जमेल त्याने जरूर जावे, आयुष्यात एकदा तरी आकाश असे पेटलेले पाहावे. पण तो प्रकाश परमुलखाची मालमत्ता समजू नये. प्रकाश त्यांच्या वाट्याला आला, ती भूगोलाची देणगी. त्यामागच्या विजेच्या पृथ्वीवरच्या सर्वांत जुन्या आणि सलग नोंदींपैकी एक आपल्या वाट्याला आली, ती माणसांच्या चिकाटीची कमाई, पावणेदोनशे वर्षांची. रत्नागिरीच्या शाळांच्या सहली अलिबागला किल्ला पाहायला जातात. त्यांनी त्या वेधशाळेचीही वाट धरावी, रीतसर परवानगी काढून. मिरकरवाड्यातल्या एखाद्या तांडेलाची मुलगी तिथल्या आलेखावर बोट ठेवून ‘ही रेषा इथे का हलली?’ असे विचारेल, तर तिला उत्तर देणारी माणसे आपल्याकडे आहेत, आणि पुढचे उत्तर शोधणारी ती स्वतः असू शकते.